आधी स्पॅम उघडा, मग केर काढा

मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची सूचनाच आली नाही, म्हणून मार्चमध्ये मी कंपनीतल्या मुलाशी फोनवर कडाकडा भांडले. "मॅडम, तीन मेल गेलेत तुम्हाला," तो म्हणत होता, आणि मला वाटलं बिनदिक्कत थापा मारतोय. संध्याकाळी भाचा आला. "मावशी, स्पॅम बघितलंस का?" स्पॅम म्हणजे जीमेल नकोसे वाटलेले मेल परस्पर टाकतं तो कप्पा. तिन्ही मेल तिथे होते, एका लॉटरीच्या आणि वजन उतरवायच्या चहाच्या मध्ये चेपून बसलेले. पहिल्याला एकोणीस दिवस झाले होते. स्पॅममधलं सगळं जीमेल 30 दिवसांनी आपोआप पुसतं, म्हणजे अजून अकरा दिवसांनी तो मेल नाहीसाच झाला असता आणि मी भांडतच राहिले असते. ग्रेस पिरियड चालू होता म्हणून पॉलिसी वाचली.

दोष निम्मा जीमेलचा, निम्मा आमच्या ह्यांचा. खातं दोघांचं एकच. ह्यांना एखादा मेल आवडला नाही की लगेच "रिपोर्ट स्पॅम" दाबायचं, मग तो बँकेचा असो नाहीतर विम्याचा. आपण काय दाबतो त्यावरून जीमेलची स्पॅम ओळखणारी चाळणी शिकते. वर्षभर ह्यांनी तिला जे शिकवलं, ते तिने इमानदारीने केलं.

तेव्हापासून राजेंद्रनगरातल्या आमच्या भिशीतल्या निम्म्या बायकांचे इनबॉक्स मी आवरून दिलेत. प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

हे काम फोनवर करायला बसू नका. फोनच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर, म्हणजे अमक्या पत्त्याच्या मेलचं काय करायचं याचा नियम, बनवता येत नाही, आणि हजारो मेल एका फटक्यात निवडताही येत नाहीत. घरात लॅपटॉप नसेल तर मुलांचा मागा, एका दुपारचा प्रश्न आहे.

सुरुवात केर काढण्यापासून करू नका. आधी स्पॅम उघडा आणि पाठवणाऱ्यांची नावं वरपासून खालपर्यंत वाचा. बँक, विमा, पॅथॉलॉजी लॅब, नातवाची शाळा असं काही दिसलं की तो मेल उघडून पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता बघा. नाव कुणालाही काहीही लावता येतं, म्हणून ॲटच्या चिन्हापुढे काय आहे ते पासबुकावर किंवा पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या पत्त्याशी ताडून घ्या. आमच्या शेजारणीच्या स्पॅममध्ये "बँक" होती, पण ॲटच्या पुढे कुठल्याशा फर्निचरच्या दुकानाचं नाव! तो मेल तिथेच मरू द्यायचा. खरा असेल त्याला "नॉट स्पॅम" करा.

एवढ्यावर थांबलात तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा स्पॅममध्ये जाऊ शकतो. म्हणून फिल्टर. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांची छोटी खूण आहे, ती दाबली की एक फॉर्म उघडतो. "फ्रॉम"मध्ये तो खरा पत्ता टाका, खाली "क्रिएट फिल्टर" दाबा आणि पुढच्या यादीत "नेव्हर सेंड इट टू स्पॅम"वर टिक करा. आमच्याकडे असे नऊ फिल्टर आहेत. त्याहून जास्त लागत नाहीत, संसार तेवढाच असतो.

शोधपट्टीची एक खोड ध्यानात ठेवा. साधा शोध घेतला की ती स्पॅम आणि ट्रॅशमध्ये, म्हणजे पुसलेले मेल जातात त्या कप्प्यात, बघतच नाही. "मी शोधलं, नव्हतं" असं आपण छातीठोकपणे सांगतो, आणि मेल आत असतो. त्याच फॉर्ममध्ये खाली "सर्च"समोर "मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश" निवडा, मग शोधा. मला हे आधी ठाऊक असतं तर त्या मुलाची माफी मागायची वेळ आली नसती.

आता जाहिराती. दिवाळीत राजवाड्याजवळच्या एका साडीच्या दुकानात बिलासाठी ईमेल दिला, तेव्हापासून रोज "फक्त आज" येतंय. असल्यांना स्पॅम म्हणू नका, पत्ता आपणच दिलाय. पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेल "अनसबस्क्राइब" दाखवतं, ते दाबा. जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना 2024 पासून ही एका क्लिकची सोय द्यावीच लागते. ज्याचा आपला काही संबंधच नाही त्याला मात्र "रिपोर्ट स्पॅम", आणि त्याच्या मेलमधल्या "अनसबस्क्राइब"ला हातही लावायचा नाही. तो दाबला की त्याला कळतं, या पत्त्यावर कुणीतरी जागं आहे.

जागा संपलीय म्हणून जीमेल कुरकुरत असेल तर हजार छोटे मेल उडवून काही होत नाही. फुकटची 15 जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते, आणि ती भरली की नवे मेल येणंच बंद होतं. त्याच फॉर्ममध्ये "साइज"पुढे 10 एमबीपेक्षा मोठे असं टाका. माझ्याकडे एका मुंजीचे सत्तेचाळीस फोटो तीनदा निघाले. मी पोच दिली नाही म्हणून नणंदेने पुन्हा पुन्हा पाठवले होते. एक संच ठेवला, दोन काढले.

मग प्रमोशन्सचा कप्पा, जीमेल जाहिराती जिथे गोळा करतं तो. वरच्या चौकटीवर टिक केलं की पानावरचे पन्नासच निवडले जातात. लगेच वर एक ओळ येते, सगळेच निवडायचे का म्हणून, ती दाबली तरच बाकीचे येतात. पण आधी फॉर्ममध्ये "सर्च"समोर प्रमोशन्स निवडा, नाहीतर सगळेच मेल निवडले जातील, आणि "डझन्ट हॅव" या चौकटीत इनव्हॉइस, वॉरंटी आणि तिकीट हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने लिहा, म्हणजे फ्रिजची वॉरंटी त्यात जायची नाही. पुसलेलं ट्रॅशमध्ये 30 दिवस पडून असतं आणि जागाही खातं. घाई नसेल तर आठवडाभर राहू द्या, काहीतरी परत काढावं लागतंच.

"एका क्लिकमध्ये इनबॉक्स साफ" म्हणणारी ॲप? मी गेल्या वर्षी एक वापरलं. त्याने मेल वाचायची, पाठवायची आणि पुसायची परवानगी मागितली, मी देऊनही टाकली. त्याने साडेअकरा हजार मेल स्वतःच्या एका फोल्डरात ढकलले. विजेचं बिलही त्यातच गेलं आणि आम्ही दंड भरला. भाच्याने मागाहून सांगितलं, अशाच एका फुकटच्या सेवेने लोकांच्या मेलमधल्या पावत्यांची माहिती विकल्याचं 2017 मध्ये उघड झालं होतं. ॲप फोनवरून काढलं तरी परवानगी तशीच राहते बरं का. गूगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या, ॲपची यादी असते, तिथून ते काढून टाका.

आता रविवारी पोहे भिजत घातले की मी स्पॅम उघडते, कांदा चिरायच्या आत बघून होतं. ह्यांना वेगळं खातं काढून दिलंय. परवा कुरकुरत होते, मला कुणी मेलच पाठवत नाही. म्हटलं, स्पॅम बघितलंत का?