क्लिनिकच्या सिस्टरांनी सीएनईला जाताना

नर्सिंग नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नर्सेसच्या निरंतर प्रशिक्षणाचे, 150 तास. मोठ्या हॉस्पिटलात याची आठवण करून द्यायला मेट्रन असतात. नाशिकच्या पंचवटी, सिडको, सातपूर भागातल्या क्लिनिकमध्ये एकट्या काम करणाऱ्या सिस्टरला सगळं स्वतःच बघावं लागतं. म्हणून फी भरायच्या आधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा: या कार्यक्रमाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि तास किती धरले जाणार. घोळ होतो तो नावाचा. नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी. फॉर्मवर नोंदणीत आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. हजेरीची सही सकाळी होते, जेवणानंतरची राहते, तीही करा. नाशिकरोडहून म्हसरूळच्या बाजूला जायचं असेल तर तासभर आधी निघा.

खरी तयारी मात्र आठवडाभर आधी, क्लिनिकमध्येच करायची. बीपीचा कफ सोबत न्या. त्याआधी दहा पेशंटच्या दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने मोजून लिहून ठेवा. कफच्या आतल्या रबरी पिशवीने दंडाचा किमान 80 टक्के घेर व्यापायला हवा. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच वर जातो आणि पेशंटला नसलेल्या बीपीची गोळी सुरू होते. दहांतल्या तिघा-चौघांना तुमचा कफ पुरत नसेल तर मोठा कफ मागवायला डॉक्टरांसमोर ठेवायला ही यादी पुरेशी आहे.

ग्लुकोमीटर आणि उघडलेली स्ट्रिपची डबीही घ्या. डबी उघडल्याची तारीख झाकणावर नसेल तर आजपासून लिहायला लागा. झाकण उघडं राहिलं तर दमटपणाने स्ट्रिप बिघडते. आपल्याकडे द्राक्षांच्या हंगामात आणखी एक भानगड असते. द्राक्षं खाऊन किंवा खुडून आलेल्या माणसाच्या बोटांवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि शुगर भलतीच जास्त दिसते. नुसतं स्पिरिट फिरवून भागत नाही. नळाखाली हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग टोचायचं.

लस ठेवत असाल तर फ्रिजचं तापमान सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, वहीत उतरवा; वीज बंद असलेला दिवस वगळू नका, तोच कामाचा आहे. हवं ते 2 ते 8 अंश सेल्सिअस. घरगुती फ्रिजमध्ये व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या) दारात ठेवल्या तर तापतात, मागच्या भिंतीला चिकटल्या तर गोठतात. टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) एकदा गोठल्या की संपल्या. वितळल्यावर पुन्हा वापरायच्या नाहीत. दिसायला ठीक वाटतात, म्हणूनच फसगत होते.

शेवटी इमर्जन्सी ट्रे. त्याचा एक फोटो काढा आणि तपासा की ॲड्रेनालिन त्यात आहे ना, मुदत संपलेली नाही ना, 1 मिली सिरिंज शेजारीच आहे ना. अँप्यूलच्या 1 मिलीत 1 मिलिग्रॅम औषध असतं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला 0.5 मिली, मुलाला किलोमागे 0.01 मिली (जास्तीत जास्त 0.5), मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, सुधारणा नसेल तर 5 मिनिटांनी पुन्हा. अनेक ठिकाणी हात आधी एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो, त्यात मोलाची मिनिटं जातात. ॲड्रेनालिन आधी, बाकी नंतर. डॉक्टर क्लिनिकमध्ये नसताना सिस्टरने काय करायचं हे त्यांच्या सहीने लेखी घ्या, आणि तो कागद फाइलमध्ये न ठेवता ट्रेच्या झाकणाला आतून चिकटवा.