नाडी मोजलीत, पण ती हलते का? मधुमेहात हृदयाच्या ठोक्यांबाबत या चुका टाळा

बसल्या जागी नाडी ९६. दोन जिने चढून आल्यावर १०४. पहाटे गाढ झोपेत ९२. मनगटावरच्या घड्याळातले असे आकडे पुढे करून लोक विचारतात, "शंभरच्या आत आहे ना, मग झालं तर!" शंभरच्या आत आहे, हे खरं. पण पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाची नाडी अशी एका जागी खिळलेली दिसली की मला हृदयाच्या लगामाची शंका येते.

लगाम म्हणजे काय, ते आधी सांगतो. हृदयाला स्वतःचा नैसर्गिक पेसमेकर असतो. त्याला मोकळं सोडलं, तर तरुण माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. आरामात आपली नाडी साठ-सत्तरवर असते, ती व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या कृपेने. तो अहोरात्र लगाम खेचून धरतो. दुसऱ्या बाजूने सिंपथेटिक तंतू गरजेप्रमाणे टाच मारतात. वर्षानुवर्षं चढी राहिलेली शुगर मज्जातंतूंना पोखरते आणि लांब तंतू आधी पडतात. पायाच्या बोटांपासून मुंग्या सुरू होतात त्या यामुळेच. व्हेगस मेंदूच्या बुडापासून थेट पोटापर्यंत गेलेला, म्हणून बहुधा आधी लगाम सुटतो आणि नाडी वर चढते. पुढे टाच मारणारे तंतूही जातात. मग झोप असो की जिना, आकडा फारसा हलतच नाही. या दुखण्याचं नाव कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाची नाडीही अशीच चढी असते, कारण त्याचे मज्जातंतू कापलेले असतात.

नुसता आकडा बघणं, किंवा 'ईसीजी नॉर्मल आहे' म्हणून सोडून देणं

साधा ईसीजी निजवून काढतात, जेमतेम दहा सेकंदांचा. त्यात नाडी किती ते कळतं, लगाम शाबूत आहे का ते कळत नाही. त्यासाठी नाडीला हलवून पाहावं लागतं. एडिंबरामध्ये डेव्हिड युइंग आणि बेसिल क्लार्क यांनी १९७०च्या दशकात यासाठी साध्या चाचण्यांचा संच बसवला, आणि तो आजही वापरात आहे.

त्यातली माझी आवडती चाचणी दीर्घ श्वासाची. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. तेवढा वेळ ईसीजीची पट्टी चालू ठेवायची. पट्टीवरचं एक छोटं घर म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी माणसात श्वास आत घेताना दोन ठोक्यांमध्ये समजा २० घरं येतात, म्हणजे नाडी ७५. बाहेर सोडताना घरं २५ होतात, नाडी ६०. फरक १५. १५ किंवा जास्त फरक चांगला, १० किंवा कमी असेल तर बिघाड. वय वाढलं की फरक मुळातच कमी होतो, हे मात्र धरून चालायचं. लगाम तुटलेल्या माणसाची पट्टी बघा: श्वास आत, १६ घरं. श्वास बाहेर, १६ घरं. पुन्हा आत, १६. रूळावरचे स्लीपर मोजतोय असं वाटतं.

चाचणीही चुकते, आणि बहुतेक वेळा घाईनेच. एकदा माझ्याच हातून एका गृहस्थांचा फरक २८ निघाला आणि मी खुशीत 'उत्तम' लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा हातात आली तेव्हा दिसलं, मध्ये एक जादा ठोका पडला होता आणि त्याच्यामागच्या विरामाने सगळा फरक फुगवला होता. तो ठोका वगळल्यावर उरले ६. घड्याळातल्या 'एचआरव्ही'चंही, म्हणजे ठोक्याठोक्यातल्या अंतराच्या फरकाच्या आकड्याचंही, तेच होतं. नाडी अनियमित झाली की तो आकडा छान वाढलेला दिसतो, आणि वापरणारा खूश होतो. खरं तर अनियमित नाडी हे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल लय, असू शकतं. मधुमेहात त्याचा धोका जास्त, शिवाय पक्षाघाताचीही भीती, म्हणून त्याचा ईसीजी लगेच काढून घ्यावा.

चाचणीआधी काही तास कॅफिन आणि तंबाखू नको. आदल्या रात्री शुगर लो झाली असेल तर चाचणी पुढे ढकला. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर आधी सांगा. तोंडाने जोर लावून फुंकायची चाचणीही याच संचात आहे. पण डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर ती करू नये, पडद्यात रक्तस्राव होऊ शकतो. आणि हो, नाडी चढी दिसली म्हणून लगेच मज्जातंतूंवर खापर फोडू नका. रक्त कमी असणं, थायरॉइड, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, ही कारणं आधी तपासून बाजूला करावी लागतात.

बीपी फक्त बसून मोजणं

"उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते" ही तक्रार अशक्तपणाच्या खात्यात जमा होते. बसून मोजलेलं बीपी १३० येतं आणि विषय संपतो. घरी असं करून पाहा. पाच मिनिटं आडवे पडा, बीपी आणि नाडी लिहा. उभे राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी दोन्ही पुन्हा मोजा. सोबत कोणीतरी असू द्या आणि अंधारी आली तर खाली बसा, तीन मिनिटं पुरी करायचा हट्ट नको.

वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवण्याजोगी. पण नाडीचा रकाना रिकामा ठेवू नका, खरी मेख तिथे आहे. अंगातलं पाणी कमी झाल्याने बीपी पडतं तेव्हा नाडी धावून जाते, सहज १५-२० ने वाढते. बीपी ३० ने पडलं आणि नाडी जेमतेम ४ ने वाढली, तर मदतीला धावणारे तंतूच थकलेत असं समजायचं.

मग औषधांची यादी काढा. पायांच्या जळजळीसाठी अमिट्रिप्टिलीन, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, जोडीला लघवी वाढवणारी गोळी. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि तिन्ही उभं राहिल्यावरचं बीपी पाडू शकणाऱ्या. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका, यादी घेऊन जा. याच मंडळींचं आडवं पडल्यावरचं बीपी कित्येकदा चढं असतं, त्यामुळे औषधांचा हिशेब नाजूक असतो.

छातीत कळ येण्याची वाट पाहणं

हृदयाची वेदना मेंदूपर्यंत नेणारे तंतूही याच वाटेने जातात. ते पडले की हार्ट अटॅक येतो, पण कळ येत नाही. अचानक दम लागणं, थंडगार घाम, मळमळ, कधी नव्हे इतका थकवा, एवढंच हाती लागतं. 'पित्त असेल' म्हणून गोळी घेऊन झोपणारे मी पाहिलेत. मधुमेह असताना असं काही अचानक झालं तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. घड्याळातल्या एका लीडच्या ईसीजीने खात्री करत बसू नका, हार्ट अटॅक ओळखणं त्याचं कामच नाही.

शुगर लो होणं म्हणजे नुसती थरथर, असं समजणं

शुगर उतरली की अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं आणि रक्तातलं पोटॅशियम खाली येतं. दोन्हीमुळे ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबतं, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. या फटीत घातक लय सुरू होऊ शकते. टाइप १ मधुमेहाचे तरुण रात्री बरे झोपले आणि सकाळी मृत आढळले, अशा घटनांना १९९१पासून 'डेड इन बेड' म्हटलं जातं. त्यामागे रात्रीची लो शुगर आणि तिने बिघडलेली लय असावी, हा मुख्य संशय आहे. मज्जातंतू बिघडलेल्यांना लो शुगरची थरथर, धडधड जाणवतही नाही. म्हणून रात्री वाजणारा अलार्म असलेलं, अंगावर लावायचं शुगरचं सेन्सर यांच्यासाठी चैन नव्हे.

क्यूटी वाढवणारी औषधंही बघा. पोट सावकाश रिकामं होतं म्हणून दिलेलं डॉम्पेरिडोन, वर खोकल्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन. ही जोडी कोणी लिहून दिली तर 'माझा क्यूटी किती आहे?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

सहा वर्षांची कसर तीन महिन्यांत भरून काढणं

शुगर नीट ठेवण्याने मज्जातंतू वाचतात, याबद्दल वाद नाही. टाइप १ मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी अभ्यासाने ते १९९३ मध्येच दाखवलं. पण घाई अंगाशी येते. तीन महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) दोनपेक्षा जास्त अंकांनी पाडलं की काहींना पायात असह्य जळजळ आणि उभं राहिल्यावर चक्कर सुरू होते. टाइप २ मधल्या अ‍ॅकॉर्ड अभ्यासात कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून तो भाग २००८ मध्ये आधीच थांबवावा लागला.

व्यायामातही तसंच. '२२० वजा वय' या सूत्रातली नाडी गाठायला धडपडू नका. मज्जातंतू बिघडले असतील तर तुमची नाडी तिथे पोहोचणारच नाही आणि तुम्ही मात्र उलथून पडाल. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, इतपत वेग पुरे.

कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी छोटी, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा: मधुमेह किती वर्षांचा, उठल्यावर अंधारी येते का, आरामात नाडी किती असते. भूल दिल्यावर बीपी पडलं तर तुमची नाडी धावून येणार नाही, हे त्यांना टेबलावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं.