कल्ल्यांचा विनोद

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात एक काकी बसते. मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. मुंबईहून आलेली वाटावी अशी एक बाई तिच्या बांगड्यांपुढे उकिडवी बसली आणि वाट्यातला एकेक बांगडा उचलून कल्ले उघडून बघायला लागली. लाल असले तर ताजा, तपकिरी पडले तर बर्फातला, हे तिला कुणीतरी शिकवलेलं दिसत होतं. घोव म्हणजे आमच्याकडे नवरा. चौथ्या बांगड्याला काकी म्हणाली, "कल्ले कित्या बघतंस गो? लगीन लावताना घोवाचे बघितलेलंस?"

आजूबाजूच्या पाच-सहा जणी खिदळल्या. ती बाईपण हसली आणि दोन वाटे घेऊन गेली. काकी हसली नाही. बाई हसायच्या आतच तिचा हात पिशवीत बांगडे टाकायला लागला होता.

मी स्टँडअप कॉमेडी करते, दोन मालिकांत काम केलंय आणि सध्या एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करते. नव्या मुली विचारतात, ह्यातलं आधी काय शिकायचं आणि क्लास कुठला लावायचा. क्लास मी कुठलाच लावला नाही. हा कल्ल्यांचा विनोद मात्र मी तिन्ही ठिकाणी वापरला आणि तिन्ही ठिकाणी पहिल्या वेळी तोंडावर आपटले. तेच सांगते.

पहिलं ओपन माइक, म्हणजे नाव नोंदवून कुणीही मंचावर चढावं असा कार्यक्रम, अंधेरीतल्या एका कॅफेत. वीस-बावीस माणसं, त्यातली पंधरा आमच्यासारखीच, आपला नंबर कधी येतोय ते बघत बसलेली. हे आधीच माहीत असू द्या: ओपन माइकला समोर बसलेले बहुतेक जण स्वतःच कॉमेडियन असतात आणि ते हसत नाहीत, मनातल्या मनात आपला सेट, म्हणजे ठरवून आणलेले विनोद, घोकत असतात. तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. तो दिसल्यावर नवा विनोद सुरू करायचा नाही, हातातला संपवून उतरायचं. काही ठिकाणी नाव नोंदवायचे पैसे घेतात, काही ठिकाणी सोबत दोन प्रेक्षक आणायला सांगतात. वेंगुर्ल्याच्या मुलीनं अंधेरीत दोन प्रेक्षक आणायचे कुठून? मी मावसबहिणीला आणि तिच्या सासूला नेलं. पहिल्या मुलाच्या शिव्या ऐकून सासूबाई ज्या उठल्या त्या थेट बाहेर रिक्षात जाऊन बसल्या.

माझी वेळ आली. काकीचा विनोद टाकला. शांतता. अर्ध्यांना कल्ले म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग मी तो समजावून सांगितला, तोही हिंदीत, "मछली का वो लाल लाल होता है ना" असं गळ्याजवळ हात हलवून. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे दुसऱ्या दिवशीची सोलकढी. फाटलेलीच असते.

चूक काकीची नव्हती. तिच्यासमोर बांगडा होता, बाई होती, बाईचा हात कल्ल्यात होता. अर्धा विनोद वाट्यावर पडलेलाच होता, तिनं फक्त शेवट लावला. माझ्यासमोर माइक आणि कोल्ड कॉफी. म्हणजे तो बांगडा, ती बाई, तो हात हे सगळं आधी मलाच आणून ठेवायला हवं होतं, तेही दोन वाक्यांत. पुढे मी ते असं केलं: "आमच्याकडे मासा घेताना गळ्याशी उघडून बघतात, आत लाल असला तरच घेतात. त्याला कल्ले म्हणतात." एवढं झालं की मग काकी. हे दोन वाक्यांचं बांधकाम जमायला मला चौदा ओपन माइक लागले. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड करायचं आणि परतीच्या गाडीत ऐकायचं. आपला आवाज ऐकवत नाही, तरी ऐकायचं. लोक कुठे हसले ते वहीत लिहायचं. आपल्याला वाटतं त्या जागी ते हसलेले नसतात, हे वहीतच सापडतं.

परतीची गाडी म्हणजे कोकणकन्या. जाताना सावंतवाडीहून तुतारी, सकाळी दादर, दिवस बहिणीकडे, संध्याकाळी माइक, रात्री सीएसएमटीवरून परत. वेंगुर्ल्याला स्टेशन नाही, म्हणून सावंतवाडी किंवा कुडाळला उतरून पुढे एसटी. पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या रमतगमत येतात, त्यामुळे पावसात मी महिन्याला एकच फेरी करायचे. पाच मिनिटांसाठी दोन रात्री गाडीत. हा हिशोब घरच्यांना पटवायच्या आधी स्वतःला पटला पाहिजे.

मालवणीबद्दल थोडं. १९८० साली 'वस्त्रहरण' व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी आपली बोली महाराष्ट्रभर नेऊन ठेवली. त्याचं देणं आपल्यावर आहे, पण आपल्याला खड्डाही तिथेच आहे. "काय गो, खंय चललंस?" एवढं म्हटलं तरी पुण्यात लोक हसतात. मीही पहिलं वर्षभर त्याच हशावर काढलं आणि वाटत होतं की आपण विनोदी आहोत. मग एका मोठ्या कॉमेडियननं विंगेत सांगितलं, "हाच सेट एकदा प्रमाण मराठीत करून बघ." केला. सतरा विनोदांतले पाचच उभे राहिले. बारा ठिकाणी लोक माझ्या हेलाला हसत होते. ते पाच ठेवले, बारा टाकले आणि मग मालवणीत परत आले. ही चाचणी आजही प्रत्येक नव्या विनोदाला लावते.

गावी सराव होत नाही असं रडू नका. गणपतीत डबलबारी ऐका. दोन भजनी बुवा समोरासमोर, एकमेकांची उणीदुणी काढतायत, आणि तरी गजराला सम चुकत नाही. समोरच्याला टोमणा कितव्या सेकंदाला मारायचा हे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा तिथे जास्त कळलं.

टीव्हीचं दार उघडलं ते स्किटमुळे, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशामुळे. बहुतेक जणींचं तसंच उघडतं. अमृतसरच्या भारती सिंगचं बघा. २००८ साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'च्या चौथ्या पर्वात ती पुढे आली ती 'लल्ली' ह्या लहान मुलीच्या पात्रामुळे. पुढे ती मोठमोठ्या कार्यक्रमांची सूत्रसंचालक झाली आणि २०२२ मध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही 'हुनरबाज'च्या मंचावर उभी होती. मला त्यातून घेण्यासारखं वाटतं ते हे: चॅनेलला तुमचे विचार नकोत, पात्र हवं. दोन मिनिटांत ओळखू येईल असं एक पात्र खिशात ठेवा. माझं अर्थातच मासेवाली होतं.

त्या मासेवालीमुळे मला पहिली मालिका मिळाली, स्वयंपाकीण म्हणून. मालवणी बोलणाऱ्या बाईला टीव्हीवर स्वयंपाकीण, मोलकरीण, नाहीतर भुताला घाबरणारी शेजारीण करतात. मी भूमिका घेतली, नाही म्हणायची ऐपत नव्हती. पण लेखकाकडे एक मागणी केली: हिला नाव द्या, आणि दर महिन्याला ही कुणाला तरी पैसे पाठवते एवढं तरी दाखवा. नाव मिळालं. पैसे पाठवण्याचा सीन कधी झालाच नाही.

सेटवर दिग्दर्शकाला कल्ल्यांचा विनोद सांगितला, त्याला आवडला, सीनमध्ये घेतला. मास्टर लागला, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसेल असा शॉट. मी वाक्य म्हटलं आणि थांबले. हशा यायला जागा ठेवली. सवयच ती. मॉनिटरच्या मागून आवाज आला, "ताई, कुणाची वाट बघताय?"

मालिकेत हसणारं कुणी नसतं. साउंड दादा श्वास रोखून उभे, स्पॉट दादा चहा घेऊन दाराबाहेर अडकलेले. तुम्ही थांबलात तर एडिटर ती जागा कापतो, नाहीतर सगळा सीन ढिला पडतो. आणि विनोद एकदा म्हणून भागत नाही. मास्टर, मग समोरच्याचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहरा, मग तुमचा क्लोज. म्हणजे तेच वाक्य पाच-सहा वेळा, आणि "कल्ले" म्हणताना पहिल्या वेळी उजव्या हातात पळी होती तर सहाव्या वेळीही उजव्याच हातात. मी दशावतार बघत वाढले. तिथे छापील संवाद नसतात. पेटीवाल्यानं सूर धरला की राजा आणि राक्षस जागच्या जागी भांडतात, संकासुर मध्येच गावच्या सरपंचाची खेचतो. मी सेटवर तसं दोनदा केलं. दुसऱ्या वेळी समोरच्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा क्यू, म्हणजे ज्या वाक्यावर तिनं बोलायचं ते वाक्य, चुकला, तिनं सगळ्यांसमोर झापलं आणि ते बरोबर होतं. मी तिचं ऐकतच नव्हते, माझ्या पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत होते. मग मी एक नियम केला. माझ्या क्लोजला जितकी जागी राहते, तितकीच तिच्या क्लोजला कॅमेऱ्यामागे उभी राहून तिला क्यू द्यायचे. अभिनय तिथे शिकले, माझ्यावर कॅमेरा नसताना.

पैशाचं उरकून टाकते. मालिकेत दिवसावर पैसे ठरतात, शिफ्ट बारा तासांची, आणि पैसे हातात यायला साधारण नव्वद दिवस लागतात. म्हणजे जानेवारीत राबलात तर एप्रिलमध्ये. तेवढे तीन महिने मुंबईत राहायचे पैसे आधीच जमवून ठेवा. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापलेला असतो, रिटर्न भरलं नाहीत तर तो तिथेच राहतो. मी पहिली दोन वर्षं भरलं नव्हतं. आणि करार वाचा. एका निर्मितीसंस्थेच्या करारात लिहिलं होतं की कार्यक्रमात सादर केलेलं सगळं साहित्य त्यांचं. मी वाचलं नाही. नंतर माझ्याच मासेवालीचा तुकडा माझ्या यूट्यूबवर टाकला तर त्यावर त्यांचा दावा आला. आता सही करण्याआधी कुठले विनोद आधीपासून माझे आहेत त्याची यादी जोडायला लावते. निम्मे लोक लावू देतात.

सूत्रसंचालन मी शिकले ते अंधारात. गावच्या सार्वजनिक सत्यनारायणाचा कार्यक्रम, पाच-सातशे माणूस, आणि लहान मुलांच्या नाचाच्या मध्येच लाइट गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. माइक बंद. मुलं रडायला लागली, मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. काय करावं सुचेना म्हणून देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. मी पोटातून ओरडले, "बा देवा म्हाराजा!"

अंधारातून आलं, "व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही लाइट गेली हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती त्या जनरेटरवाल्याचा जेवण होयसर येवची नाय..."

"व्हय म्हाराजा!"

पंधरा-वीस मिनिटं गाऱ्हाणं चाललं. त्यात सरपंच आले, वायरमन आला, जनरेटरवाल्याची बायको आली, तिनंच मागून ओरडून मला पुढचा विषय दिला. लाइट आली तेव्हा लोक हिरमुसले. मी त्या वेळात विनोद फार केलेच नव्हते. फक्त वाक्य अर्धं सोडत होते आणि "व्हय म्हाराजा" कुठल्या कोपऱ्यातून जोरात येतंय ते ऐकून पुढचं वाक्य तिकडे वळवत होते.

स्टुडिओत हे विसरायला एकच दिवस पुरला. कानात इअरपीस, त्यात कंट्रोल रूममधून कुणीतरी सतत बोलतंय: ब्रेकला दोन मिनिटं, प्रायोजकाचं नाव राहिलं, कॅमेरा तीनकडे बघा. हातात कार्ड. समोर पाहुणा. मालिकेत तीन वर्षं लेन्सकडे बघायचं नाही हे अंगात भिनलेलं, आणि आता लेन्समध्येच बघून "जाऊ नका कुठेही" म्हणायचं. पहिल्या भागात एक म्हातारे लोककलावंत आले होते. ते आपल्या पहिल्या जत्रेतल्या प्रयोगाबद्दल सांगायला लागले, मध्येच मासळीचा विषय निघाला आणि मला राहवलं नाही. कल्ल्यांचा विनोद टाकला. स्टुडिओ हसला, टाळ्या पडल्या, तेही हसले आणि गप्प झाले. त्या प्रयोगात पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही, मलाही नाही.

भाग लागला त्या रात्री आयेचा फोन आला. "बरा झाला गो. साडी चांगली होती." मग थोडं थांबून, "पण तेका बोलाक खंय दिलंस?"

तेव्हापासून कार्डाच्या मागे प्रश्न लिहीत नाही, पाहुण्याला भेटून त्याच्याकडची एकच गोष्ट लिहून ठेवते. ती बाहेर येईपर्यंत मी गप्प. इअरपीसमध्ये ओरडू देत. ब्रेक अर्ध्या मिनिटानं पुढे ढकलता येतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. बाजारात काकीपुढे उभी राहिले, बांगडे बरे दिसत होते. भाव विचारला, मला जास्त वाटला, म्हटलं थोडं कमी कर. तिनं वर बघितलं. टीव्ही ती बघते.

"माझे कल्ले इकून खाल्लंस," ती म्हणाली, "आणि आता वाटो कमी करूक सांगतंस?"

शेजारच्या जणी खिदळल्या. मी उत्तर शोधत होते तोवर बांगडे पिशवीत पडले होते. सांगितले तेवढे पैसे दिले.