गोठवलेलं घोड्याचं वीर्य वितळल्यावर मरगळतं, तेव्हा: माझा अनुभव

सांगलीकडच्या एका मारवाडी घोड्याचं ताजं वीर्य उत्तम, पण वितळवल्यावर पुढे पोहणारे शुक्राणू 30 टक्क्यांच्या खाली. वापरासाठी साधारण 30 टक्के तरी हवेतच.

दोष सेमिनल प्लाझ्मात, म्हणजे शुक्राणू ज्यात असतात त्या वीर्यातल्या द्रवात होता. ताज्या वीर्यात हा द्रव चालतो, गोठवताना मात्र शुक्राणूंना बाधतो. म्हणून वीर्यातला चिकट जेल गाळून, 37 अंशांच्या दूध-ग्लुकोज डायल्युटरमध्ये (वीर्य पातळ करायच्या द्रावणात) वीर्य निम्मं-निम्मं मिसळायचं आणि 600 जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या 600 पट जोरावर) 10 मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे यंत्रात गरागरा फिरवून शुक्राणू तळाशी बसवायचे. आकडा जीचाच पाळा, आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) नव्हे. रोटरची (यंत्राच्या फिरत्या भागाची) त्रिज्या बदलली की तोच आरपीएम वेगळा जोर देतो. जोर जास्त झाला की तळाचा थर घट्ट बसतो आणि तो सोडवताना शुक्राणू दुखावतात. वरचा द्रव काढताना थोडा तळाशी राहू द्या, नळी हलकेच फिरवून थर सुटू द्या. मग अंड्याचा बलक आणि गोठताना शुक्राणूंना जपणारं ग्लिसरॉल असलेला डायल्युटर घाला. काही घोड्यांना ग्लिसरॉल मानवत नाही. तिथे त्याऐवजी डायमिथाइलफॉर्मामाइड हे त्याच कामाचं रसायन वापरून पाहावं, फरक पडतो.

उन्हाळ्यात खोलीत एसी असतोच, त्यामुळे नळ्या, स्लाइड, पिपेट आधीच 37 अंशांवर ठेवा. गार काचेला वीर्य लागलं की शुक्राणू गोल गोल फिरू लागतात. गोठवण्याआधी थंड करताना 20 ते 5 अंशांचा टप्पा सावकाश: नळी पाण्याच्या भांड्यात उभी करूनच फ्रीजमध्ये.

वितळवताना 0.5 मिलिलिटरची स्ट्रॉ (गोठलेल्या वीर्याची बारीक नळी) 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसून कापा. पाण्याचा थेंब आत गेला तर शुक्राणू फुगून मरतात.