पहिला डिझायनर ठेवताना

डिझाइनच्या धंद्याला चार वर्षं झाली तेव्हा माझ्याकडे काम भरपूर होतं आणि झोप नव्हती. लग्नपत्रिका, मिठाईचे बॉक्स, घरगुती मसाल्यांचे पाऊच, सगळं मीच करायचे. नवरा छपाई आणि हिशेब बघायचा. ऑफिस म्हणजे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची खालची खोली. माणूस ठेवायला हवा हे कळत होतं, पण त्याच्या हाती नेमकं काय सोपवायचं ते ठरवलंच नव्हतं. ‘क्रिएटिव्ह आणि पॅशनेट डिझायनर हवा’ अशी जाहिरात टाकून मोकळी झाले. या गावात चित्रं काढणाऱ्यांची वाण नाही. विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे, आणि १८९० चं कलाभवन तर दादासाहेब फाळके जिथे शिकले ते. दोन दिवसांत पन्नासेक पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या नमुन्यांचे संच, आले. त्यातला सगळ्यात देखणा मी निवडला.

मुलगा हुशार होता. त्याने एका बॉक्सवरचा बारकोड ब्रँडच्या लाल रंगात टाकला, बाकीच्या डिझाइनशी जुळावा म्हणून. मलाही छान वाटला, प्रूफवर मीच सही केली. दुकानातल्या बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. लाल रेघा त्याला पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात. मी आजवर बारकोड नेहमी काळाच टाकत आले होते, का ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं, मग दुसऱ्याला कुठून सांगणार? पाच हजार बॉक्स छापून झाले होते. शनिवारी संध्याकाळी सासूबाई, दोन्ही मुलं, शेजारच्या काकू असे आम्ही पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसून काळ्या बारकोडांचे स्टिकर चिकटवत होतो. सासूबाईंनी वाकडे लागलेले बॉक्स एका बाजूला काढले आणि म्हणाल्या, “अगं, पण त्या पोराला कुणी सांगितलं होतं का?”

चार महिन्यांनी तो गेला. भांडण नाही, काही नाही. त्याला पोस्टर करायची होती आणि माझ्याकडे पोस्टरचं काम वर्षात दोनदा येतं.

दुसऱ्या वेळी जाहिरातीआधी एक महिना वही ठेवली. कुठल्या कामात किती वेळ जातो, अर्ध्या अर्ध्या तासाने लिहायचं. महिनाअखेर बघितलं तर निम्म्याहून जास्त वेळ डिझाइनमध्ये जातच नव्हता. २०० ग्रॅमचं लेबल ५०० ग्रॅमला बसवणं, गुजराती मजकुरातल्या चुका काढणं, प्रेसला फाइल पाठवणं, मागच्या दिवाळीची फाइल शोधणं. मला कलाकार नको होता, फाइल नीट हाताळणारा माणूस हवा होता. नव्याने माणूस शोधणाऱ्याने निदान एवढी वही करावी. बाकीचं पुढे आपोआप सुचतं.

मग डोक्यातलं कागदावर काढलं. चार संध्याकाळी गेल्या. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला रंग), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), प्रेसच्या फाइलमध्ये अक्षरं कर्व्ह केलेली (फॉन्टऐवजी नुसते आकार) पण बदल करता येईल अशी एक प्रत आपल्याकडे. खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी लायसन्स नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचा पत्ता. बारकोड काळाच, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. यातलं काहीही कॉलेजच्या पोर्टफोलिओत दिसत नाही, म्हणून ते नव्या मुलांना माहीत नसलं तर तो त्यांचा दोष नव्हे.

पोर्टफोलिओ आता बघते, पण त्यातल्या एका कामाची मूळ फाइल समोर उघडायला सांगते. लेयर्सना, म्हणजे फाइलमधल्या थरांना, नावं आहेत की ‘लेयर १ कॉपी कॉपी’? लोगो खरोखर व्हेक्टर (कितीही मोठा केला तरी न फाटणारा) आहे की फोटो चिकटवलाय? आणि ग्रुपमध्ये केलेलं काम असेल तर सरळ विचारते, “यातलं तुझं कुठलं?” खरं उत्तर देणाऱ्याचा चेहरा जरा पडतो, पण मला तो आवडतो.

शेवटच्या तिघांना एका दिवसाचं चाचणीचं काम दिलं, प्रत्येकी १,५०० रुपये देऊन. फुकट चाचणी घेऊ नका. शिवाय चाचणीचं काम गिऱ्हाइकाला विकू नका, गावात बोभाटा होतो. काम होतं पुरणपोळीच्या पाऊचचं, मजकूर गुजराती, मराठी आणि इंग्रजी. मराठी मजकूर मी मुद्दाम जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून तसाच ठेवला होता. ‘आचाऱ्यांच्या हातची’चं त्यात ‘आचार्यांच्या हातची’ झालं होतं. दोघांनी आचार्यांना पोळ्या लाटायला बसवलं. तिसरी वाघोडिया रोडवरून येणारी गुजराती मुलगी. तिला मराठी जेमतेम. तिने चूक पकडली नाही, पण त्या ओळीखाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘ही ओळ कुणा मराठी माणसाकडून वाचून घ्या.’ आणि काम सुरू करण्याआधी तिचा फोन आला होता: “दीदी, पाऊच सील कुठे होणार? वरून किती जागा सोडू?”

पोर्टफोलिओ तिघांत सगळ्यात साधा तिचाच होता. ठेवली.

पगार २२,००० ठरवला. तीन महिन्यांचा पगार आधीच वेगळ्या खात्यात टाकला, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे लांबवले तरी तिचे लांबत नाहीत. लेखी करारही केला. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाकडे येतो. बाहेरून करून घेतलेल्या लोगोचं तसं नाही. तिथे हक्क लेखी घ्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. दिवाळीच्या गर्दीत मदतीला फ्रीलान्सर घेणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं.

माणूस घ्यायचाच तर उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, झाल्यावर घ्या. दिवाळीच्या बॉक्सचं काम ऑगस्टपासून अंगावर येतं, तेव्हा शिकवायला कोणाला वेळ? आणि नवरात्रात रात्री बडोद्यात कोणी फोन उचलत नाही, गिऱ्हाइकसुद्धा नाही.

सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. पहिला महिना मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून “जरा उठाव आण” म्हणायचे. एकदा तिने माऊस सोडून वही पुढे केली: “दीदी, उठाव म्हणजे अक्षर मोठं, रंग गडद की जागा मोकळी? लिहून द्या ना.” तेव्हापासून बदल लिहूनच देते, एका वेळी तीनच.

आता दुसरी जागा भरायची आहे. जाहिरात ती लिहिते आहे. मी पाठवलेल्या मसुद्यातलं ‘पॅशनेट’ तिने खोडलंय आणि खाली लिहिलंय, ‘येताना मूळ फाइल आणा.’