कॅन्सर संशोधनात जायचंय? सुरुवात सांगलीतूनच करा

कॅन्सरवर संशोधन करायचं तर आधी एमबीबीएस व्हावं लागतं, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. मी सांगलीत बीएस्सीच्या मुलांना प्राणीशास्त्र शिकवते. नीटला मार्क कमी पडले की पालक मुलीला घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, आता ते कॅन्सरचं राहिलंच ना?" त्यांना मी कॅन्सर संशोधक डॉ. कमल रणदिवे यांची वाटचाल सांगते.

1917 साली पुण्यात जन्म. लेकीनं डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा, पण लेक फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्राकडे गेली. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केलं, तेही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर! मग मुंबईत कॅन्सर संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली 1949 ला पीएचडी. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काढलेल्या पेशी वाढवणं, शिकल्या. कॅन्सरच्या गाठीतून घेतलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी 1951 साली वाढवल्या गेल्या त्या याच प्रयोगशाळेत. परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. 1982 ला पद्मभूषण मिळालं.

सीताफळापासून स्तनाच्या कॅन्सरपर्यंत त्यांच्यासोबत काय राहिलं? पेशी. म्हणून कोणत्या रोगावर काम करायचं हे बीएस्सीला ठरवत बसू नका, पेशी नीट बघायला शिका. कांद्याच्या मुळाची स्लाइड प्रत्येक कॉलेजात होते. तिथं गेल्या वर्षीच्या जर्नलमधली आकृती उतरवू नका. दिसेल तेच काढा, विभाजनाच्या कोणत्या अवस्थेतल्या किती पेशी दिसल्या ते मोजा, तारीख घाला. पुढे पेशी वाढवताना कोणत्या बाटलीतलं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घातलं, पेशी कितव्यांदा नव्या डब्यांत वाटून घातल्या, हे सगळं लिहावंच लागतं. दुसऱ्या पेशींच्या डब्यांत हेला पेशी शिरल्या आणि लोकांनी वर्षानुवर्षं चुकीच्या पेशींवर काम केलं, असं खरोखर घडलेलं आहे. त्यामुळे वहीची सवय पहिल्या वर्षालाच लावा. मला तर टक्केवारीपेक्षा ही वही मोलाची वाटते.

दुसरी सवय संशोधनाचे पेपर वाचण्याची, आणि त्यासाठी विषय आपल्या दारातच आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'हळदीनं कॅन्सर बरा होतो' हे वाक्य मार्केट यार्डापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. करक्युमिनवरचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावरचा, एखादा पेपर काढा आणि विचारा: प्रयोग डिशमधल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? मात्रा किती होती? तुलनेसाठी दुसरा गट होता का? डिशमध्ये करक्युमिन कॅन्सरच्या पेशी मारतं हे खरं. पण पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं आणि तेही शरीर लगेच बदलून टाकतं. शिवाय ते स्वतःच रंगीत आणि चमकणारं असल्यामुळे काही चाचण्यांत खोटा निकाल दाखवतं. हे स्वतः शोधून काढलेल्या मुलीला मी निर्धास्तपणे कोणत्याही लॅबमध्ये पाठवीन. आणि घरात कुणी उपचार सोडून हळदीवर विसंबत असेल, तर त्यांना थांबवण्याइतकं बळही तिच्या बोलण्यात येतं.

परीक्षांचं थोडक्यात. एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी ही परीक्षा. नंतर सीएसआयआर-नेट. त्यातल्या क भागाला 200 पैकी 100 गुण असतात आणि तिथं पाठांतर चालत नाही, प्रयोगाचा अर्थ लावावा लागतो. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. हा आकडा पालकांना जरूर सांगा, त्यांची काळजी खरी असते. पीएचडीसाठी खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आयसर ही विज्ञान संस्था, ही जवळची ठिकाणं.

सगळ्यात जास्त वेळ गाइड निवडण्यात घाला. संस्थेचं नाव मोठं असून भागत नाही, पुढची पाच-सहा वर्षं तुम्हाला त्या माणसाबरोबर काढायची असतात. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: सर वेळ देतात का, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव कुठं येतं, पीएचडीला किती वर्षं लागली. मग उन्हाळ्यात दोन महिने काम करू द्या म्हणून पत्र लिहा. त्यांचे दोन पेपर वाचा आणि एकातला न कळलेला मुद्दा पत्रात सरळ विचारा. एकच पत्र पन्नास जणांना पाठवलेलं लगेच ओळखू येतं. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा, ते कामात असतात.