कित्तूरचा वाडा पोरांना कसा दाखवावा

बेळगावहून धारवाडच्या रस्त्याने साधारण 50 किलोमीटर. सकाळीच निघा. मी भाचरांना नेते तेव्हा आधी दारापाशी उभं करून सांगते: 23 ऑक्टोबर 1824 च्या इथल्या लढाईत इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात ते मोठी फौज घेऊन आले, किल्ला पडला, राणी चन्नम्मांना बैलहोंगलला कैदेत ठेवलं. 1829 मध्ये त्या तिथंच वारल्या.

एवढं ऐकल्यावरच आत न्या. वाड्याला छप्पर नाही, पण जोती आणि जाड भिंती टिकल्यात. ध्रुवतारा बघायचं भोक शोधायला लावा, पोरं रमतात. मी मात्र न्हाणीच्या हौदांशी जास्त वेळ थांबते. इथं घर नांदत होतं, हे तिथं जाणवतं. भिंतींवर कुणाला चढू देऊ नका! वेळ उरला तर बैलहोंगलला राणींची समाधी आहे.